स्लॅबवरचे पितर

"माहे सासरे खोकलले," चंद्रकलाबाई झाडे म्हणाल्या.

भर दुपारी त्या आमच्या गच्चीच्या जिन्यात उभ्या होत्या. डोक्यावर ओला पंचा, पायात चपला नाहीत, म्हणजे घाईने आलेल्या. त्यांचे सासरे वारून बरीच वर्षं झाली होती. त्या मानाने खोकला ही प्रगतीच म्हणायची.

"कोणत्या रांगेतून आवाज आला?" मी विचारलं.

"मले काय माहीत? मांडले तूच ना."

मी गच्चीचं दार ढकललं. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की आधी काहीच दिसलं नाही. मग हळूहळू, पाण्यातून वर यावीत तशी, मडकी दिसायला लागली. गच्चीभर, एकमेकांना खेटून, आभाळाकडे तोंडं वासून बसलेली. वारा आला की पहिली रांग हूं करायची, मग दुसरी, मग तिसरी, आणि तो आवाज पलीकडच्या कठड्याला टेकून सावकाश परत यायचा. त्यात मध्येच कुठेतरी एक कोरडी खरखर होती खरी.

"हेच," चंद्रकलाबाई कुजबुजल्या आणि त्यांनी पंचा नीट केला.

मी वाकून पाहिलं. मडक्यात कडुनिंबाचा वाळका पाला गोल गोल फिरत होता. मी तो काढला नाही. दुसऱ्याच्या घरच्या माणसाचा खोकला परस्पर थांबवणारा मी कोण?

ही वरोऱ्याची गोष्ट, बारा-तेरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा कौतिकाआत्याकडे राहून पॉलिटेक्निक करत होतो, म्हणजे कौतिकाआत्याकडे राहत होतो. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान मारोतराव, आमचे आतोबा, दोन वर्षांपूर्वी गेले होते. एकुलता एक मुलगा दिवाकरदादा पुण्याला कंपनीत होता. मागे राहिली होती आत्या, मी आणि घर.

घर जुनं, बसकं, विटांचं, आणि त्याच्या डोक्यावर सिमेंटचा स्लॅब. तो स्लॅब दिवसभर ऊन पीत असे आणि रात्रभर आम्हाला पाजत असे. दुपारी नळ सोडला की चहाचं पाणी येई. देवघरातली मेणबत्ती न पेटवताच नमस्कार घालून आडवी झाली होती. अशा दुपारी आत्या फरशीवर पाणी मारून लवंडायची, आणि चेहऱ्यावरून घामाचे ओघळ कानात जात असताना छताकडे बघून शांतपणे म्हणायची, "बरं गार हाये आज."

रोज. तेच वाक्य, त्याच सुरात. कुणाला म्हणते ते मला कळत नसे. खोलीत मी आणि एक पाल. मी काही बोलायचो नाही. पाल तर भिंत सोडून माठाच्या तिवईखाली राहायला गेली होती.

आदल्या उन्हाळ्यात आत्या स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. दिवाकरदादाने लगेच एसी पाठवला. आत्याने तो लावून घेतला, त्याच्यावर क्रोशाचं आवरण घातलं आणि गल्लीतल्या बायकांना बसायला बोलावलं. बायका आल्या त्या जूनपर्यंत उठल्या नाहीत. कुणी शेवया वाळवायला आणल्या. त्या वाळल्या नाहीत म्हणून पुन्हा घरी नेल्या. चंद्रकलाबाई शाल घेऊन यायच्या. एका दुपारी मी जागा झालो तर खोलीत अकरा बायका झोपलेल्या आणि सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघते आहे असं मला दिसलं. ते स्वप्न होतं की नाही हे मला अजून सांगता येणार नाही.

मग बिल आलं. आत्याने ते उलटं करून मागची बाजू वाचली, तिथे काही कमी करून लिहिलंय का म्हणून. तिथे वीज वाचवा असं लिहिलं होतं. तिने एसीचं बटण बंद केलं, आवरणाला एक टाका घातला आणि तो विषय संपवला.

"आई, बिल मी भरत जाईन," पुन्हा उन्हाळा लागला तसा दादा फोनवर म्हणाला.

"तू भरशील तं मंग घरात मी तुही पाहुणी झाली ना बा."

"मग तू उन्हाळ्यात पडायचं आणि मी पुण्यातून पळत यायचं?"

"घर तापत नाही. मीच म्हातारी झाली."

दादा म्हणाला, "ठीक आहे. नवतप्यात येतो मी. दुपारी एसी बंद ठेवून त्या घरात मला झोप लागली, तर पुन्हा तुला पुण्याचं नाव काढणार नाही. नाही लागली, तर सामान बांधायचं. इथं माझ्या ओळखीचा एक माणूस घर घ्यायला तयार आहे."

"ये," आत्या म्हणाली, आणि फोन माझ्या हातात देऊन पदराने मान पुसली.

नवतपा म्हणजे आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटचे नऊ दिवस. सूर्य तेव्हा खास आमच्याच जिल्ह्यासाठी खाली येतो. त्या दिवसांत त्या घरात दुपारी झोप लागणं म्हणजे तव्यावर भाकरीला झोप लागणं.

मी आधी गच्चीला चुना मारला. गच्ची इतकी चमकायला लागली की समोरच्या घरात चंद्रकलाबाईंना खिडकी उघडता येईना आणि एक घार दोन दिवस गोंधळून आमच्यावरच फिरत राहिली. घर थोडं निवलं, पण ते मला आणि पालीलाच कळण्याइतकं. मग मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात गच्चीवर मातीची मडकी उपडी मांडायची, मधल्या फटींत तणस आणि चिखल भरायचा, एवढंच होतं. मडक्यात अडकलेली हवा ऊन खाली येऊ देत नाही, असं तो माणूस सांगत होता. त्याने स्वेटर घातला होता, त्यामुळे मला ते पटलं.

प्रश्न एवढाच होता की मडकी आणायची कुठून. पण आमच्या गल्लीत मडक्यांचा तुटवडा कधीच नव्हता. आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरोघर पितरांच्या नावाने नवं मडकं भरतात. त्याची पूजा होते, आणि मग वर्षभर घरचे त्याचंच पाणी पितात. पुढच्या आखजीला नवं येतं. जुन्याचं काय करायचं? त्याला आजोबांचं नाव दिलेलं. फोडवत नाही, फेकवत नाही, कचऱ्याच्या गाडीत घालवत नाही. म्हणून प्रत्येक घराच्या मागे, न्हाणीच्या आडोशाला, वर्षानुवर्षांचे पितर एकमेकांच्या डोक्यावर रचून ठेवलेले.

मी गल्लीत फिरून मागितले. लोकांनी आनंदाने दिले. जागा मोकळी होत होती आणि पितर काही लांब जात नव्हते, कौतिकाबाईंच्या गच्चीवर तर जात होते. फक्त प्रत्येकाची अट होती.

"आमच्या बुढ्याले जिन्याजवळ ठेवजो, त्याचे गुडघे दुखत होते."

"माह्या सासूले अन् तिच्या जावेले एका रांगेत नको बसवू बापा, गच्ची खचन."

एका घरचे म्हणाले, आमच्यांना कठड्याजवळ ठेव, त्यांना रस्त्यावरचं बघायची सवय होती. मी सगळं लिहून न घेता लक्षात ठेवलं आणि मांडताना विसरलो.

आत्याने मला वरच गाठलं. मी पहिलं मडकं उपडं करून ठेवत होतो.

"हे काय करून राहिला?"

"उपडं ठेवायचं असतं आत्या. व्हिडिओत तसंच आहे."

"त्याच्यात पितर नव्हते. पितराचं मडकं उपडं करत असतात का? त्याईनं पाणी प्यावं कुठून?"

मी विचार केला, मडकं ते मडकं. वर तोंड काय, खाली तोंड काय. पॉलिटेक्निकमध्ये मी ज्या विषयात राहिलो होतो त्यात हेच शिकवत होते, असं मला नंतर कळलं.

तर अशी सगळी मडकी आभाळाकडे तोंड करून बसली, आणि दुपारचा वारा सुटला.

पहिल्या दिवशी गल्लीतले लोक घराबाहेर येऊन नुसते उभे राहिले. वरून एक लांब, जाड, झोपाळू आवाज येत होता. पुष्कळ माणसांनी एकदम होकार भरावा तसा. दुसऱ्या दिवसापासून लोक जिन्यात येऊन बसायला लागले. कुणी आवाज ओळखला, कुणी ओळखल्यासारखं केलं. एकाने पोरीचं लग्न जमवू का म्हणून विचारलं, वरून हूं आलं, आणि त्याने त्याच दुपारी पाहुण्यांना फोन लावला. मी फरशीवर पडून ऐकत राही. डोळे मिटले की छत पातळ व्हायचं, पाण्यासारखं, आणि त्याच्या वरच्या बाजूने गल्लीतले सगळे आजे-पणजे रांगेत पहुडलेले दिसायचे. कुणी पायावर पाय टाकलेला, कुणी टोपी तोंडावर ओढलेली. मधूनच एखादा खाली वाकून बघायचा आणि म्हणायचा, पोरा, तुमच्याकडे तर फारच उकडते.

उकडत होतंच. प्रत्येक मडकं दिवसभर तोंड उघडं ठेवून ऊन भरून घेत होतं. चुन्याने जे काही निवलं होतं तेही परत तापलं. आत्या आडवी झाली, घामाने डबडबली आणि छताला म्हणाली, "बरं गार हाये आज." पण या वेळी तिचा आवाज थोडा कापला.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. तो परवा पोचणार होता.

आत्या चुलीपाशी पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्या सोलत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"आत्या, मडकी उपडी करावीच लागतील."

"नाही म्हणलं ना."

"नाही तर दादा परवा सामान बांधेल."

"बांधू दे."

"तुला जायचंय का पुण्याला?"

तिने कैरीचा गर कोयीपासून अगदी निगुतीने काढला. मी दुसरं काही विचारणार तोच ती बोलायला लागली, कैरीकडेच बघत.

"या घरावर पयले कवेलू होते. मातीचे. काय गार राहे घर. दुपारी पांघरूण लागे, खोटं नाही सांगत. दिवाकर शाळेत जाये तवाची गोष्ट. तुह्या आतोबाच्या मनानं घेतलं, स्लॅब टाकाचा. गल्लीत पयला स्लॅब आपला. खाणीत दोन-दोन पाळ्या केल्या त्या माणसानं. तीन वर्षं. मी म्हणलं, कवेलू नका काढू. म्हणले, कवेलूच्या घरात राहाचे दिवस गेले. मंग पडला स्लॅब. लोक पाहाले आले. पेढे वाटले."

"मग?"

"मंग उन्हाळा आला. पयल्या दुपारी आमी दोघं खाली निजलो. वरून असा जाळ उतरून राहिला का सांगता सोय नाही. मी त्याईच्याकडं पाहिलं. ते वर स्लॅबकडं पाहून राहिले होते. त्याईचं तोंड पाहून माह्या जिवाचं कसंतरी झालं. मीच म्हणलं, बरं गार हाये आज."

तिने कोय बाजूला ठेवली.

"ते म्हणले, हव, बरं गार हाये."

"आणि मग?"

"मंग काय. रोज म्हणलं. ते जाईपर्यंत म्हणलं."

"त्यांना कळत नव्हतं?"

"घाम त्याईलेही येतच होता ना पोरा."

बाहेर वारा पडला होता. वरचे सगळे गप्प होते.

"आता मडके उभे ठेवले तं पूजा झाली," आत्या म्हणाली. "उपडे केले तं छप्पर झालं. मातीचं छप्पर. म्हणजे मीच खरी होती अन् ते चुकले, हे मी आता त्याईच्या डोक्यावर नेऊन ठेवू? अन् गरमीपाई घर सोडून पुण्याले गेली, तरी तेच. त्याईचा स्लॅब नापास."

नापास या विषयात घरातला जाणकार मी होतो. मी तिला म्हणालो, "नापास झाल्याने काही होत नाही आत्या. जेवायला वाढतातच."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पन्ह्याचा पहिला पेला मला दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा आत्या अंथरुणात नव्हती. मी जिन्याने वर गेलो आणि दारातच थांबलो. आभाळ दुधासारखं होतं आणि मडकी निळसर दिसत होती. आत्या त्यांच्या मधून वाट काढत, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, मधोमध गेली होती. आतोबांचं मडकं मी तिथे ठेवलं होतं. त्यांच्या नावाचं ते पहिलंच, त्यामुळे अजून लालसर होतं. ती त्याच्यापाशी उकिडवी बसली. शेजाऱ्याला निरोप सांगावा तशी साध्या आवाजात म्हणाली,

"तापते जी. पयल्या दिवसापासून तापते."

मडकं गप्प होतं. वारा नव्हता.

"तुमाले माहीत होतं, मले माहीत होतं. आता बस झालं."

तिने दोन्ही हातांनी मडकं उचललं, ओटीत घ्यावं तसं जवळ धरलं आणि सावकाश पालथं ठेवलं. मग काहीतरी आठवल्यासारखं करून तिने काठाखाली एका बाजूने खडा सरकवला, थोडी फट राहील असा.

"वारा लागू दे," ती म्हणाली. हे मात्र मला होतं. मी दारात आहे हे तिला आधीपासून माहीत असावं.

पुढचं सगळं उजाडल्यावर झालं. गल्लीला ते सहज मान्य होणार नव्हतं. जिन्यात गर्दी झाली. आपले वडील उपडे करायला कुणीच तयार होईना. आत्या समजावून थकली. तेवढ्यात चंद्रकलाबाई पुढे आल्या, त्यांनी आतोबांचं मडकं या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं.

"हे उपडे कुठं हायेत?" त्या म्हणाल्या. "पालथे निजले हायेत. माहे सासरे जन्मभर पालथेच निजत. तसं निजलं का खोकला येत नाही."

त्यांनी सासऱ्यांना पालथं निजवलं. पाला खाली पडला. खोकला थांबला, हे सगळ्यांनी ऐकलं. मग काय, प्रत्येक घरचं माणूस येऊन आपापल्या मडक्याला पालथं घालून गेलं. काहींनी थोपटलंही. दुपारपर्यंत मी, आतोबांची खड्याची फट तेवढी सोडून, बाकीच्या फटींत तणस आणि चिखल भरला. वरून पाहिलं तर गच्ची एखाद्या मोठ्या, शांत जनावराच्या पाठीसारखी दिसत होती.

दिवाकरदादा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बरोबर पुण्याहून तापमान मोजायचं यंत्र आणलं होतं. त्याने ते देवघराजवळ ठेवलं. आत्याला वाटलं, नवीन वस्तू आहे. तिने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि काचेवरचा आकडा कायमचा झाकला गेला.

"वर काय केलंय हे?" दादाने विचारलं.

"गल्लीतले पितर निजले हायेत," आत्या म्हणाली. "जेवून घे."

जेवण झालं. दार लोटलं, खिडकीवर ओलं पोतं टाकलं. एसी आपल्या क्रोशाच्या आवरणात गप्प होता. दादा सतरंजीवर उताणा पडला आणि त्याने हात छातीवर घेतले, ऑपरेशनला चाललेल्या माणसासारखे. आत्या भिंतीला टेकून बसली. तिच्या हातात वेताचा पंखा होता, पण ती तो हलवत नव्हती. परीक्षेत मदत केल्यासारखं झालं असतं.

मी उठून छताला तळवा लावला. घर बसकं असल्याने हात पोचायचा. आठवड्यापूर्वी तिथे हात ठेववत नव्हता. आता ठेववत होता. गार नव्हतं. आजारातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखं होतं.

पण पुण्यातल्या माणसाला तेवढं पुरणार नव्हतं. दादाच्या कपाळावर घाम आला, मग मानेवर, मग सदरा पाठीला चिकटला. त्याचे डोळे सताड उघडे होते. तो वर बघत होता. त्या स्लॅबकडे, ज्याच्या वाळूत तो शाळेतून आल्यावर खेळला असेल आणि ज्याच्या पेढ्यांतले दोन त्याने नक्की जास्त खाल्ले असतील. दोन वाजले असतील, अडीच. वेळ पाकासारखा घट्ट झाला होता. आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि ती ते आवळत चालली होती.

"दिवाकरा," ती अखेर म्हणाली. "उकडते का रे?"

दादाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पुण्यात जाऊन वीस वर्षं झालेला तो माणूस, जो घरी फोनवरही पुस्तकातलं बोलायचा, तो पुन्हा छताकडे तोंड करून म्हणाला,

"नाही. बरं गार हाये आज."

आत्याचा हात थांबला. म्हणजे लहानपणी शेजारच्या खोलीत निजणाऱ्या त्या पोराने सगळ्या दुपारी ते वाक्य ऐकलं होतं.

मला वाटलं, आता ती हव म्हणेल. ती तसं म्हणाली असती तर जिंकलीच होती. पण तिने बोटाचा पदर सोडला, हातातला पंखा उचलला आणि त्याच्या कपाळावर वारा घालायला लागली.

"खोटं नको बोलू," ती म्हणाली. "तापते. पयल्यापेक्षा कमी, पण तापते. तुह्या बापालेही मी सांगून आली."

"सांगितलंस?"

"हव."

"काय म्हणाले?"

"काय म्हणतीन. पालथे निजले."

दादाच्या पोटातून एक हसू आलं. ते बाहेर पडेपर्यंत त्याची जांभई झाली. तो कुशीवर वळला, एक हात डोक्याखाली घेतला, आणि लहान मुलं जशी बोलता बोलता संपतात तसा संपला. सामान बांधलं असतं तर जिने निघायचं होतं, ती चारची नागपूरची एसटी गेली. घर घेणाऱ्या पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन दोनदा वाजला, तो मी उशीखाली ठेवला. आत्या वारा घालत राहिली. दादा घोरायला लागला.

आणि तेवढ्यात वरून, नेमकं मधोमधून, एक बारीक, एकटा हूं आला. खड्याच्या फटीतून वारा शिरला होता. खाली दादाचा घोरण्याचा सूर आणि वर तो, एकामागून एक, एकमेकांची वाट बघत.

आत्याने पंखा हलवता हलवता वर पाहिलं, मग खाली पाहिलं.

"या घरात दुपारी दोघं खरंच निजले," ती मला हळूच म्हणाली, "हे पयल्यांदाच."